दोन दोऱ्यांचा काठ

दाऊदचाचांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "तुमची आई लुगडं कसलं नेसती?"

मी तेव्हा नुकताच भिंगारच्या विणकर सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो. वय बावीस, अंगात नवा कोट आणि डोक्यात सरकारी परिपत्रकं. दुसरं महायुद्ध चालू होतं, सुतावर कंट्रोल आला होता आणि कोणाच्या घरी किती माग चालू आहेत याची यादी करत मी दारोदार फिरत होतो. अशा वेळी दाढीला मेंदी लावलेला एक साठीचा माणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि माझ्या आईचं लुगडं विचारतो, याचा मला संताप आला. तरी सांगून टाकलं, "हिरवं. चार बोटं काठ, काठात रुईफूल." त्यांनी आडवं सूत आरपार नेणारा हातातला धोटा थांबवला नाही. "श्रीगोंद्याकडचे तुमी. भीमेच्या अंगाला," म्हणाले. आमचं गाव भीमेपासून दोन कोसांवर. मी यादीत त्यांचं नाव लिहिलं आणि तणतणत बाहेर पडलो. चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. अख्खा नगर जिल्हा या माणसाच्या डोक्यात लुगड्यांनी आखलेला होता. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या बाईला लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी लागतो, कारण चढावर चालायचं असतं. कालव्याच्या भागात उसाचा पैसा आला तशी बायकांना बारीक सुताची चटक लागली. पाथर्डीकडे जाड सूत, गडद रंग आणि काठ भला रुंद. पोरवयापासून ते पाठीवर गठ्ठा टाकून बाजार करत आले होते. "बाई आधी काठ बघती, मंग रंग. इकणाऱ्याचं तोंड बघती ती भाव पाडायला," असं ते हसत सांगायचे. आणि लगेच गंभीर होऊन म्हणायचे, "आपुनबी तिचं तोंड बघायचं न्हाई. काठ बघायचा. त्यात समदं कळतं."

त्यांचा माग जुन्या चालीचा, तीन धोट्यांचा. मधल्या अंगाला एक धोटा आणि दोन्ही काठांना एकेक. कामाला वेळ लागे, पण काठ असा उतरे की उलट्या बाजूनंही सुलटाच वाटावा. आळीतल्या बाकीच्यांनी दोरी ओढली की धोटा आपोआप पळतो असे झटक्याचे माग बसवले होते. "चाचा, तुम्हीही बसवा," म्हणून मी किती वेळा डोकं फोडलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पळू दे की त्याला. मला कुठं जायाचंय?" शेजारी चाची धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली असे. ती माझ्याकडे बघून कपाळाला हात लावी.

लढाईच्या पाचव्या वर्षी रंग मिळेनासा झाला. परदेशी रंगाचे डबे बंद झाले आणि मिळायचा तो एक काळपट तपकिरी, चिखलासारखा. सूत मोजून यायचं. वरून हुकूम आला की सोसायटीने साधं, टिकाऊ, एकाच नमुन्याचं लुगडं काढावं आणि ते रेशनकार्डावर विकलं जावं. नमुना मी ठरवला. तपकिरी अंग, आणि रंगीत सूत वाचावं म्हणून काठाच्या जागी फक्त दोन पांढरे दोरे. झटक्याच्या मागावर धडाधड निघेल असा माल. मला त्याचा फार अभिमान वाटला होता, हे आता लिहायला लाज वाटते.

सभेत नमुना फिरवला. चाचांनी तो बोटांत धरून पाहिला आणि उभे राहिले. "शेक्रेटरीसाहेब, हे बिनकुकवाच्या बाईचं लुगडं हाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पाथर्डी-शेवगावकडं दोन दोऱ्यांचा काठ विधवा नेसती. दुसरी कुनी हात लावत न्हाई. मी सोता इनलीत तसली. ही तुमी सवाष्णीला नेसवणार?"

मी परिपत्रक वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ज्यानं लिवलं त्याच्या घरात बाई न्हाई का?" सगळी सभा हसली, आणि मी हट्टाला पेटलो. नमुना मंजूर झाला. बाकीच्यांनी सूत उचललं. चाचांनी उचललं नाही.

त्यांचा माग बंद पडला. घरात उरलेल्या रंगीत सुतावर त्यांनी दोन-तीन लुगडी काढली, मग तेही संपलं. मी तीनदा समजावायला गेलो. एकदा चाचीच मला ओट्यावर थांबवून म्हणाली, "यांना सांगून काय उपेग न्हाई भाऊ. जिल्ह्यातल्या समद्या बायांची काळजी यांना. घरातली एक बाई सोडून." आत चाचा रिकाम्या मागावर बसून होते. मी चिडून म्हटलं, "लोकांच्या अंगावर चिंध्या आहेत आणि तुम्ही काठ धरून बसलात." ते म्हणाले, "चिंधीलाबी काठ असतो." या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं, आणि भिंतीला आपलं म्हणणं पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मीच तोड काढली. नव्या लुगड्यांचा पहिला गठ्ठा पाथर्डीच्या बाजारला जाणार होता. चाचांनी माझ्याबरोबर यायचं. बायकांनी ती लुगडी नाकारली, तर काठाला रंगीत सूत मिळावं म्हणून मी वर लिहीन आणि सोबत राजीनामा जोडीन. त्यांनी ती घेतली, तर चाचांनी मुकाट्यानं हाच नमुना विणायचा. ते लगेच कबूल झाले. आपण जिंकणार याची त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर आतून मलाही तीच भीती होती.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार करंजीच्या घाटात दोनदा बसली आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. पाथर्डीला पोचलो तेव्हा बाजारातल्या रेशनच्या दुकानासमोर बायकांची रांग लागलेली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि अंगावर ठिगळांची लुगडी. चाचा सरळ रांगेशी गेले. खाली बघतच त्यांनी पहिल्या बाईला सांगितलं, "बाई, घेऊ नका. दोन दोऱ्यांचा काठ हाय."

"दिसतोय की," ती म्हणाली.

"हे बिनकुकवाचं लुगडं."

"चाचा, आमच्या घरात मी न् माझी जाऊ, दोघीत एक लुगडं हाय. ती नेसून भाईर पडली की मी आत बसती. आज मी आली तर ती घरात हाय, दार लावून." तिनं कापड ताणून बघितलं. "काठ काय मला चाटायचाय? टिकंल का तेवढं सांगा."

चाचांना खोटं बोलता येत नव्हतं. "अंग टिकंल. कड लवकर उसवंल. काठ नुसता शोभेला नसतो बाई, कड धरून ठेवायला असतो."

"मग दुमडून शिवीन," असं म्हणून तिनं लुगडं काखेत मारलं. तिच्या मागची दुसरी, मग तिसरी. एकीनंही परत केलं नाही. मी जिंकत होतो आणि चाचांकडे बघवत नव्हतं.

रांगेच्या शेवटी एक तिशीची बाई होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि अंगावर जुनं, विटलेलं, दोन दोऱ्यांच्या काठाचं लुगडं. चाचांनी काठ पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे माझ्या मागावरचं हाय," ते म्हणाले.

"असंल. सासऱ्यानं आणलेलं," ती म्हणाली. मग पुढच्या बायकांच्या काखेतली लुगडी बघत, जराशी हसून म्हणाली, "बरं झालं बाबा ह्यो नमुना आला. चवदाव्या वरसापासनं असलंच नेसती. कुनी कामाला निघालं की लांबून माझा काठ बघून वाट बदलतंय. आता समद्यांचाच काठ असला झाला. मान्सं वाट बदलतील तरी किती?"

चाचा रांगेपासून मागे वळले. शेजारी सोडलेल्या बैलगाडीच्या जुवावर जाऊन बसले. बाजार उठेपर्यंत तिथेच होते. परतताना घाट उतरल्यावर एकदाच म्हणाले, "मला वाटायचं, मी बाईची वळख इनतो. मी तिला डाग देत हुतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूत उचललं आणि दिलेला शब्द पाळला. त्यांची दोन दोऱ्यांची लुगडी आळीत सगळ्यांत देखणी निघत. फाळणीच्या वर्षी आळीतली दोन घरं हैदराबादकडे गेली, चाचांनाही चला म्हणत होती. "तिकडच्या बायांचा काठ मला ठाऊक न्हाई," म्हणून ते राहिले.

मग कंट्रोल ढिला झाला. रंग आले, काठ आले. पाथर्डीच्या ज्या बायकांनी दोन दोऱ्यांत दिवस काढले होते, त्या आता चार बोटांचा काठ मागू लागल्या, आणि का मागू नये? पण त्याबरोबर व्यापारी पुन्हा दोन दोऱ्यांची लुगडीही मागू लागले, वेगळी, खास विधवांसाठी. जणू मधली वर्षं घडलीच नव्हती. सोसायटीला माग चालवायचे होते. मी ऑर्डर घेतली. चाचांनी त्यातलं सूत घेतलं नाही.

मी अक्षरशः ओरडलो. "तेव्हा विधवांचं म्हणून विणेनात, आता विधवांचं म्हणून विणेनात. तुम्हाला हवंय तरी काय?"

"तवा मला एकच बाजू ठाऊक हुती."

"तुम्ही विणलं नाहीत म्हणून त्या बायकांना रुंद काठ मिळणार आहे का? दुसरा कोणी विणील."

"इनू द्या. माझ्या हातानं न्हाई."

"त्यानं काय फरक पडतो?"

त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "काय न्हाई पडत." आणि धोटा उचलून हिरव्या लुगड्याचा काठ विणू लागले. आयुष्यात इतका राग मला कोणाचा आला नाही. ते हरले होते, त्यांना ते कळत होतं, आणि तरी ते माझ्यासारखे वागायला तयार नव्हते.

स्वराज्य आल्यावर दुसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडी, दाऊदचाचा चार दिवसांच्या तापानं गेले. चाची लेकीकडे संगमनेरला निघून गेली. माग सोसायटीनं घेतला आणि एका नव्या सभासदाला दिला. त्यानं खड्डा बुजवून झटका बसवला. त्या मागावर पहिला नग उतरला तो मी बघायला गेलो. तपकिरी अंग, दोन पांढरे दोरे. चांगलं विणलं होतं. सूतवाटपाच्या कागदावर सही माझीच होती.