रजईचा उजवा कोपरा
थंडी पडली की मी पेटीतून रजई काढते, आणि रुईचा तो कोरडा, किंचित तेलकट वास आला की मला अकोटची ती दुपार आठवते. तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेतल्या एका खोलीतून हातानं भरलेल्या रजया ऑनलाइन विकायचे. एका गिऱ्हाइकानं रजई परत पाठवली, 'आत गोळे झालेत' असं लिहून. ही तक्रार टिकली तर जिच्या वेबसाइटवर मी विकायचे ती कंपनी माझं दुकान बंद करणार होती, म्हणून ते गाठोडं घेऊन मी तणतणत एसटीनं अकोटला, रजया भरणाऱ्या म्हाताऱ्या पिंजारी चाचांकडे गेले. त्यांच्या भुवयांवरसुद्धा रुई बसली होती. त्यांनी रजई उलगडलीही नाही; उजवा कोपरा नुसता अंगठ्यानं दाबला. "बेटी, हे माही रजई नोहे. बदलून पाठवली तुले." "कशावरून, चाचा?" त्यांनी शेजारची तयार रजई पुढे केली. तिच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं; परत आलेल्या रजईत तसं काही नव्हतं. "सरकी हाय. हरेक रजईत एक टाकतो. तेल्हाऱ्याच्या ज्या कास्तकाराचा कापूस हाय, त्याच्या हाती औंदा काईच नाई लागलं. त्याच्या वावरातलं काईतरी जावं ना दूरच्या घरी." माझा राग कुठल्या कुठे गेला. कंपनीच्या फॉर्ममध्ये असला पुरावा लिहायला जागा नव्हती. दुकान बंद झालं. त्याचं आता काही वाटत नाही. पण इतक्या रजयांचे मी फोटो काढले, वजनं केली, आणि त्या कोपऱ्याला कधी हात लावला नाही. आता चाचांची रजई अंगावर घेण्याआधी तो कोपरा चाचपते, मगच डोळा लागतो.