लोरेटाच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक जॅम

"तुमच्या अ‍ॅपमध्ये माझ्या दारापुढे ट्रॅफिक जॅम आहे. कुठे आहे तो, जरा मला दाखवता का?"

एवढं बोलून लोरेटानं आपला लॅपटॉप उचलला आणि खिडकीकडे फिरवला. इकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत होतो. मी, माझ्या टीममधला नागपूरचा अमोल आणि आमचा बॉस ग्रॅहम. ग्रॅहमच्या हातातलं अंड्याचं सँडविच तोंडाशी जाता जाता थांबलं होतं. खिडकीबाहेर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला एक रस्ता होता. त्यावर एकही गाडी नव्हती. एक कावळा मात्र पांढऱ्या पट्टीवरून आरामात चालला होता.

शेजारच्या स्क्रीनवर आमचा नकाशा उघडा होता. त्यात तोच रस्ता लालभडक दिसत होता.

"वर्ष झालं हे असं चाललंय," लोरेटा म्हणाली. "लोक जुना हायवे बघायला निघतात. तुमचं अ‍ॅप त्यांना सांगतं, पुढे जॅम आहे, मोटरवेनं जा. ते बिचारे जातात. उन्हाळ्यात इथे भाजून निघतं, त्यामुळे आमचा धंदा हिवाळ्याचा. हाही हिवाळा असाच गेला तर मी कॅफे बंद करून मुलीकडे राहायला जाणार. आणि मला तिच्याकडे राहायचं नाहीये. तिलाही नकोय ते."

लोरेटा साठी ओलांडलेली बाई. कॉपर फॉर्क नावाच्या गावात तिचा कॅफे होता. गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, एक पोस्ट आणि हा कॅफे. एक्स्प्रेस वे झाल्यावर आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचं जे झालं, तेच तिथल्या जुन्या हायवेचं झालं होतं. शेजारून नवा चकाचक मोटरवे गेला आणि घाईचे सगळे तिकडे वळले. जुन्या रस्त्यावर उरले ते हौसेनं येणारे. लोरेटाचं पोट त्या हौशी लोकांवर होतं.

माझं काम थोडक्यात सांगते. तुमच्या फोनमधला नकाशा रस्ता हिरवा किंवा लाल दाखवतो, ते कोणी गच्चीवर उभं राहून बघून ठरवत नाही. त्याच रस्त्यानं जाणारे तुमचे-आमचे फोन आपला वेग गुपचूप कळवत असतात. अशा फोनला आम्ही प्रोब म्हणतो. प्रोब जोरात पळाले की रस्ता हिरवा. रखडले की लाल. हे रंग बरोबर लागताहेत ना, हे बघणं माझ्या टीमकडे.

कॉल संपल्यावर अमोलनं डेटा उघडला. गावाच्या अलीकडे एक वळण होतं. तिथे येणारी प्रत्येक गाडी थांबत होती. थांबत म्हणजे चांगली अर्धा-अर्धा तास.

"ताई, मशीन बरोबर सांगून राहिलं न," अमोल म्हणाला. "गाड्या खरंच उभ्या आहेत तिथं. बाई खोटं बोलून राहिली का?"

"खोटं कशाला बोलेल? आपण डोळ्यांनी बघितला ना रस्ता."

ग्रॅहमनं सँडविच संपवून निकाल दिला. "रोडवर्क्स असतील. तिकीट क्लोज करा." तिकीट म्हणजे आमच्याकडे आलेली तक्रार. ग्रॅहमला तिकीट क्लोज करताना जो आनंद होतो, तो मी त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशानंही आलेला पाहिला नाही.

मी तिकीट क्लोज केलं नाही. मला राग आला होता. एका बाईचं बिऱ्हाड हलायची वेळ आलेली आणि आम्ही रोडवर्क्स असतील म्हणून मोकळे! तसंही मला लास वेगासला एका मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं बनवणाऱ्या, कंपनीच्या मीटिंगसाठी जायचं होतंच. तिथून कॉपर फॉर्क गाडीनं गाठण्यासारखं होतं. मी ग्रॅहमकडे एक दिवस जास्तीचा मागितला.

"वैशाली, तू वाळवंटात जाऊन नक्की काय बघणार आहेस?"

"ट्रॅफिक."

"सन क्रीम ने," तो म्हणाला. ही त्याची परवानगी.

इतकी वर्षं मी जगभरच्या रस्त्यांचे रंग ठरवत होते, पण वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी चालवायची ही पहिलीच वेळ. मोटरवे सोडला आणि पाचच मिनिटांत आवाज संपले. डांबर जागोजागी तडकलेलं, त्यावर ठिगळं. दोन्ही बाजूंना करडी झुडपं, लांबवर तपकिरी डोंगर. शेजारच्या रुळांवरून एक मालगाडी चालली होती, ती संपता संपेना. एक बंद पडलेला पेट्रोल पंप लागला. त्याच्या सावलीत दोन म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला नमस्कार करायचा. आधी वाटलं, माझ्या गाडीचं काहीतरी चुकलंय. मग मीही बोट उचलायला लागले, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

त्या पिकअपवाल्यांपैकी कोणीही आमचं अ‍ॅप लावलेलं नसणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. जन्म ज्या रस्त्यावर गेला त्यावर कोण नकाशा बघतो? म्हणजे सुसाट जाणारे स्थानिक लोक आमच्या डेटात नव्हतेच. आम्हाला फक्त पाहुणे दिसत होते.

पाहुणे का थांबतात, ते वळणावर कळलं. रस्त्याच्या मधोमध सात-आठ गाढवं उभी होती. मी हॉर्न वाजवला. एकानंही कान हलवला नाही. मी काच खाली केली, तर त्यातलं एक शांतपणे चालत आलं, खिडकीतून अख्खं डोकं आत घातलं आणि शेजारच्या सीटवरचे भाड्याच्या गाडीचे कागद चघळायला लागलं. मागे एक मोटरहोम येऊन थांबली. त्यातलं जोडपं उतरलं, गाजरं काढली, फोटो काढायला लागलं. कोणालाही घाई नव्हती.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा माझा फोन बोलला. पुढे प्रचंड ट्रॅफिक आहे म्हणे, दुसरा रस्ता घ्या. मी एकटीच गाडीत खो-खो हसत सुटले. गाढवानंही क्षणभर चघळणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

कॅफेत पोचल्यावर लोरेटानं न विचारता पुढ्यात अ‍ॅपल पाय आणि कॉफी ठेवली. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "लोरेटा, सापडलं! तुमचा जॅम गाढवांनी लावलाय."

तिचा चेहरा कडक झाला. "गाढवांना काही करायचं नाही. इथली खाण बंद पडली तेव्हा लोकांनी जाताना ती सोडून दिली. तेव्हापासून गाव त्यांचं आहे. आम्ही भाडेकरू."

"गाढवांना कोण काय करतंय? आमच्या अ‍ॅपला करायचंय."

"मग बस. अ‍ॅपल पाय खा," ती म्हणाली.

बेसिंगस्टोकला परत आले तर अमोलनं उपाय तयारच ठेवला होता. मी तिथून मेसेज केला होता, त्यावरून त्यानं गाढवांपाशी थांबलेल्या सगळ्या गाड्या हिशेबातून काढून टाकल्या. रस्ता लगेच हिरवागार झाला.

"हे घे, झालं न! तू उगाच टेन्शन घेऊन राहिली होती."

नवीन बदल लोकांच्या फोनवर जायच्या आधी आम्ही तो खोट्या ट्रॅफिकवर चालवून बघतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आम्ही त्यात मोटरवेवर एक अपघात घातला. आणि अमोलचं हसू मावळलं. हिरवागार मोकळा रस्ता दिसल्याबरोबर अ‍ॅपनं मोटरवेवरची सगळी वाहनं जुन्या हायवेवर वळवली. ट्रक, ट्रेलर, टँकर, सगळी सुसाट कॉपर फॉर्कच्या त्या वळणाकडे.

खिडकीतून आत आलेलं ते मोठं डोकं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

लोरेटाला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "ट्रक नकोत. त्यापेक्षा तुमचा जॅम राहू दे. मी जाईन मुलीकडे."

"जरा थांबा. बघते मी काहीतरी."

"बघ. पण गाढवं मारून मला कॅफे नकोय."

काय बघणार होते, मला माहीत नव्हतं. त्या शनिवारी घरी पोहे करताना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा घाट डोक्यात आला. लहानपणी आमची गाडी त्या घाटात हमखास थांबायची. बाबा उतरायचे, आम्ही उतरायचो, भजी व्हायची, दरी बघून व्हायची. पण जॅममध्ये सापडलो तर कोणी उतरत नसे. गाडी इंच-इंच सरकायची आणि बाबा चिडायचे. दोन्ही वेळा गाडी उभीच. पण गोष्ट वेगळी.

हा फरक फोनला कळतो! जॅममध्ये फोन गाडीबरोबर सरकत राहतो. गाढवांपाशी तो गाडीतून उतरतो, पायी फिरतो, परत बसतो आणि मग छान वेगानं निघतो. सोमवारी मी आणि अमोलनं तेवढं वेगळं काढलं. अशा थांबण्याला जॅम म्हणायचं नाही, रस्ता लाल करायचा नाही. मात्र इथून जायला वेळ लागतो, हे लपवायचंही नाही. त्यामुळे घाईच्या ट्रकला हा शॉर्टकट दिसणार नाही. आणि ज्यानं स्वतःहून जुना हायवे निवडलाय, त्याला वाटेत अडवून दुसरा रस्ता सुचवायचा नाही. सिम्युलेशनमध्ये ट्रक मोटरवेवरच राहिले.

आता राहिला ग्रॅहम. त्याची सही झाल्याशिवाय काही पुढे जात नाही.

"म्हणजे रस्ता स्लो आहे, हे आपल्याला माहितीये," तो म्हणाला. "तरी आपण युजरला फास्ट रस्ता सुचवायचा नाही? मग आपण इथे कशाला बसलोय?"

"ग्रॅहम, रविवारी तू कुठे असतोस?"

"बोटीवर." कॅनॉलवर त्याची एक लांबुळकी बोट आहे. तिच्याबद्दल तो न विचारता बोलतो.

"तुझी बोट इतकी हळू जाते, की काठावर कुत्रा फिरवणारी म्हातारी तुला ओव्हरटेक करते. बरोबर?"

"कधी कधी," तो म्हणाला. अमोलनं हसू लपवायला मान खाली घातली.

"मग मी दर मैलाला फोन करून तुला सांगू का, की शेजारी मोटरवे आहे, बोट सोड आणि तिकडून जा?"

ग्रॅहमनं खिशातून पेन काढलं. मग त्यानं सही केली. जाता जाता म्हणाला, "म्हातारी फार जोरात चालते ती."

हिवाळा मध्यावर आला तेव्हा लोरेटाचा व्हिडिओ कॉल आला. मागे इतका गलका होता की ती ओरडूनच बोलत होती. अ‍ॅपल पाय दुपारच्या आत संपतोय, हाताखाली एक बाई ठेवलीय, आणि मुलगीच आता सुट्टीत इकडे येऊन राहणार आहे म्हणे. मग तिनं पूर्वीसारखाच लॅपटॉप खिडकीकडे फिरवला. रस्त्यावर गाढवं, गाढवांपाशी माणसं, माणसांच्या मागे मोटरहोमची रांग, थेट वळणापर्यंत.

"आता मात्र खरंच जॅम आहे!" ती ओरडली. "लाव तुझ्या नकाशावर!"

"नाही लावणार!" मीही ओरडले. डोळ्यांत पाणी आलं ते हसून आलं, असं मी अमोलला सांगितलं.

मी अजूनही बेसिंगस्टोकच्या राउंडअबाउटवर समोरच्याला बोट उचलून नमस्कार करते. अजून कोणी उलट केलेला नाही. पण टीममध्ये एक सवय पक्की झालीये. कुठलाही रस्ता लाल दिसला, की आधी विचारायचं, लोक अडकलेत की थांबलेत? हा प्रश्न हल्ली ग्रॅहमसुद्धा विचारतो. तिकीट मात्र त्याला अजूनही लगेच क्लोज करायचं असतं.