सलीमभाईची उलटी रेघ

चार माणसं, तीन कॉम्प्युटर आणि चहाचा एक थर्मास एका खोलीत ठेवला की किस्से आपोआप साचतात. लातूरच्या आमच्या ॲनिमेशनच्या ऑफिसात धूळही साचायची, पण किस्से जास्त.

मालक बसवराजअप्पा. आधी त्यांचं झेरॉक्सचं दुकान. गावात क्लासेस वाढले, जाहिराती वाढल्या, तसं अप्पांनी गर्दी दाखवणारं सॉफ्टवेअर आणलं. पडद्यावर पेनानं रेघ ओढायची. रेघ जिथं सुरू होते तिथून छोटी छोटी माणसं निघतात, जिथं संपते तिथं थांबतात.

रेघा ओढायला सलीमभाई. मूळचा पाट्या रंगवणारा पेंटर. भूकंपात गावाकडचं घर पडलं, त्यात त्याची अम्मी गेली. तेव्हा विशीतला सलीमभाई ब्रश घेऊन लातूरला आला आणि निम्म्या क्लासेसच्या पाट्या त्यानंच रंगवल्या. पुढं फ्लेक्स आले, मग तो आमच्याकडं आला.

* * *

पहिलं काम एका क्लासची जाहिरात. पोरं बसमधून उतरतात, गेटातून आत जातात, बस्स. सर स्वतः बघायला आले. मी बटण दाबलं, तर सगळी पोरं क्लासमधून बाहेर! धडाधड बसमध्ये चढली.

सर म्हणाले, "अप्पा, हे तर नाव काढून चालले की!"

सलीमभाई उर्दू शाळेत शिकलेला. रेघ म्हटली की हात उजवीकडून डावीकडं. पाटीवर कुणाला कळत नव्हतं, इथं मात्र अख्खी बॅच उलटी फिरली. त्या दिवसापासून लाइट गेली तरी आम्ही ओरडायचो, "सलीमभाई, रेघ उलटी पडली!"

* * *

मीही काही कमी नव्हतो. नांदेडच्या घाटावरची गर्दी करायची होती. माझी रेघ थोडी लांबली. माणसं घाट उतरली, आणि तशीच शांतपणे गोदावरीत!

अप्पा म्हणाले, "अरे, रेघ आवर! समदं नांदेड बुडवायलास की तू!"

* * *

धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्याला दुकानासमोर झुंबड पाहिजे होती. अप्पांनी हौसेनं स्वतः पेन घेतलं आणि दुकानाभोवती झकास गोल काढला. पण सॉफ्टवेअरमध्ये गोल म्हणजे "इथून लांब राहा". गिऱ्हाइकं दुकानाला वळसा घालून पळायला लागली.

व्यापारी बघतच राहिला. "अप्पा, माझ्या दुकानात काय पटकी आली का हो?"

* * *

मग शाळांसाठी फिल्म आली. भूकंप झाला तर काय करायचं? घरातून निघायचं, मोकळ्या मैदानात जायचं. ही पसंत पडली तर जिल्हाभरचं काम मिळणार होतं. सलीमभाई म्हणाला, "हे काम मी एकटा करणार. कुणी हात लावू नका." कधी असं बोलायचा नाही, म्हणून आम्हीही लावला नाही.

शिक्षण खात्याचे साहेब बघायला आले. जमीन हलली. घराघरांतून माणसं निघाली, ओळीनं मैदानात गेली. एकही चुकलं नाही. अप्पा खुशीत माझ्याकडं बघायला लागले.

तेवढ्यात मैदानातून एक बाई वळली आणि घरात परत गेली.

साहेब म्हणाले, "हे काय?"

काम जातंय म्हणून मी घाईनं हसलो. "साहेब, आमच्या सलीमभाईची रेघ उलटी पडते!"

"न्हाई," सलीमभाई म्हणाला. "ही सुलटीच काढलीय."

"अहो, पण बाहेर आलेल्या माणसानं परत आत जायचं नसतं. तिला सांगायला नको का कुणी?"

सलीमभाईनं पेन टेबलावर ठेवलं.

"सांगितलं हुतं साहेब. ऐकलीच न्हाई."