मोहाच्या झाडापुढचा तिसरा रकाना

मेळघाटात कधी जावं, असं बरेच जण मला विचारतात. पावसाळा सरला की जा, असं सगळेच सांगतील. मी सांगते, चैत्रात जा. दुपारी अंगाची लाही लाही होईल, शिव्या द्याल मला. पण पहाटे मोह गळतो तेव्हा त्या झाडाखाली उभं राहून बघा. मी पहिल्यांदा गेले ती साठच्या दशकात, आणि तीही हौसेने नव्हे, नोकरीसाठी.

अर्थशास्त्रात एम.ए. होऊन मी अकोल्याला घरी बसले होते. अमरावतीला आमच्या सरांकडे मेळघाटच्या जंगलाच्या पाहणीचं काम आलं होतं. "सेमाडोहकडची झाडं तक्त्यात भरून आणा, जूनमध्ये कॉलेजातली जागा तुमची," सर म्हणाले. त्या जागेवर माझा सगळा जीव होता. आमच्या वस्तीत तोवर कोणी प्राध्यापक झालं नव्हतं हो!

पोरगी एकटी जंगलात कशी जाईल, म्हणून बाबाही निघाले. बाबा शाळेत शिपाई. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले, आणि तेव्हापासून दिसेल ते मोठ्याने वाचत. अमरावतीपर्यंतच्या एसटीत त्यांनी दुकानांच्या पाट्या, खिडकीवरच्या सूचना, तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचून काढली.

"बाबा, हळू वाचा नं."

"काहून? चोरी करून राहिलो का मी?"

अमरावतीला मुक्काम केला. सकाळी परतवाडा गाठलं, तिथे गरम आलूभजे खाल्ले आणि धारणीची गाडी धरली. दिवसाला एकच गाडी, चुकली की बसा दुसऱ्या दिवसापर्यंत. घाट लागला तशी धूळ आणि ऊन एकमेकांत मिसळून गेलं, आणि मला अर्धवट झोप लागली. जाग आली तेव्हा पानं झडलेला डोंगर खिडकीबाहेर सावकाश सरकत होता. सेमाडोहला जंगलखात्याच्या खोलीत आम्ही घोंगडी अंथरली. आईच्या भाकरी आणि ठेचा दोन दिवस पुरला.

तक्ता छापील होता. झाडाच्या नावापुढे दोनच रकाने: इमारती लाकूड आणि निरुपयोगी. निरुपयोगी ते तोडायचं, तिथे साग लावायचा. सोपं काम! दोन दिवस मी भराभर खुणा करत गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एका मोठ्या मोहाखाली पोचलो. हवेत गोड, जडसर वास होता. टप्, टप् करून पिवळट फुलं पडत होती. खालची जमीन आमच्या अंगणापेक्षाही चोख झाडलेली. मला क्षणभर वाटलं, मी अजून एसटीतल्या झोपेतच आहे. बाबांनी वाकून एक फूल उचललं.

"ठेवा ते," टोपली घेऊन बसलेली एक कोरकू बाई म्हणाली. तिचं नाव मोंगीबाई. "इथं ज्यानं झाडलं त्याचेच फूल. पहिले माही माय झाडे, आता मी झाडतो. दुसरं कोणी हात लावत नाई."

बाबांनी फूल होतं तिथे ठेवलं. मी सवयीने खूण करून मोकळी झाले. बाबांनी कागद हातात घेतला आणि सवयीनेच मोठ्याने वाचला, "मोह. निरुपयोगी."

मोंगीबाईचा हात थांबला.

"आमचे चार महिने यावर निघते बाई," ती म्हणाली. "तुमच्या सरकारले भूक लागत नाई का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाबांनी कागद माझ्या हातात परत दिला.

"माय," ते हळूच मला म्हणाले, "आपल्यालेही लोकायनं किती पिढ्या असंच एका रकान्यात घातलं होतं. तवा आपल्याले वाचता येत नव्हतं. आता तर लिहिणारी तूच हायेस."

मी पट्टी काढली आणि प्रत्येक पानावर तिसरा रकाना आखला: कोणाच्या उपयोगी. आणखी चार दिवस राहिलो, सगळी झाडं पुन्हा पाहिली, मोंगीबाई सांगत गेली तसं लिहीत गेले.

"छापील तक्त्यात रकाने वाढवायला कोणी सांगितलं तुम्हाला?" अमरावतीला तक्ता बघताच सर भडकले. नवा तक्ता करायला वेळ उरला नव्हता, म्हणून तो तसाच पुढे गेला. जागा दुसऱ्याला देणार, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. परतीच्या गाडीत मी तोंडाला पदर लावून रडले. मूर्तिजापूर आलं, गेलं, बाबांनी एकही पाटी वाचली नाही.

मग दोन वर्षं अकोल्यात शाळेवर शिकवलं. कॉलेज त्यानंतर मिळालं. पुढे या विषयाला पर्यावरणाचं अर्थशास्त्र असं भारदस्त नाव आलं, आणि मी त्याचीच प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. खरं सांगू? जन्मभर मी तो तिसरा रकानाच शिकवला.

तुम्ही विचाराल, त्या झाडाचं काय झालं? त्या पाहणीच्या पुढच्याच चैत्रात बाबा रजा काढून एकटेच गेले. परतले ते धुळीने माखून, काखेत गाठोडं.

"उभं हाये," दारातूनच म्हणाले. माझ्या रकान्यामुळे की कोणाच्या आळसामुळे, कुणास ठाऊक. गाठोडं सोडलं, तर आत मोहाची फुलं.

"बाबा! मोंगीबाई तर हात लावू देत नाही कोणाला."

"तिनं माह्या हाती झाडू देल्ला," बाबा म्हणाले. "सकाळी झाडून काढलं म्या. मंग म्हणे, घ्या आता, तुमचेच हायेत."