डोक्यावरचा हात

दारुड्या माणसाला गजभिये बाई सगळ्यांत शेवटी आत बोलवायच्या. बायको, म्हातारी आई, सासरा, जे कोणी त्याला धरून आणायचे ते आधी पुढं सरकायचे आणि बाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "लेकरं कुठं हायेत?" लेकरं घरी असली तर सगळ्यांची परत पाठवणी. पुढच्या बुधवारी लेकरांना घेऊन या. मग भांडण व्हायचं. बैलगाडी जुंपून आलेली माणसं चिडणारच. "बाई, पेते हा! लेकराईले कायले आनू?" बाईंचा आवाज त्यांच्याहून वर चढायचा. "पेते हा, थे मले दिसूनच राहिलं. याच्या पेन्यानं घरात कोन कसं झालं, थे मले पाहाचं आहे."

पवनीच्या त्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. एका सेवाभावी मंडळानं चालवलेला दोन खोल्यांचा दवाखाना. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा बाई दर बुधवारी नागपूरहून पहिल्या एस.टी.नं यायला लागल्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हे दोन शब्द नीट म्हणायला मला महिना लागला. गावानं तेवढीही तसदी घेतली नाही, गाव त्यांना 'पागलाची डॉक्टरीन' म्हणायचं. आडनाव कळल्यावर काही शहाणे आणखीही काही म्हणाले. बाईंना पाणी देताना पेला हातात न देता वरून धार धरणारी एक म्हातारी मला चांगली आठवते. तिचा स्वतःचा लेक नालीतून उचलून आणलेला असायचा, पण पाणी मात्र वरून. बाई ओंजळीनं प्यायच्या आणि तिच्या नातवाला जवळ घ्यायच्या. मी तिथंच उभा असायचो, मूग गिळून. त्या म्हातारीपेक्षा मला आज माझाच जास्त राग येतो.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलावर फुलदाणी असा थाट केला होता. बाईंनी टेबल ढकलत व्हरांड्यात नेलं, खोलीत चटई टाकली आणि मला खडू आणि ओंजळभर चिंचोके आणायला सांगितलं. बुटक्या, जाड भिंगाच्या, आवाज जरा घोगरा. चटईवर लेकराला समोर बसवायच्या आणि फरशीवर खडूनं त्याचं घर काढायच्या. चूल कुठं, दार कुठं, हे लेकरूच सांगायचं. मग म्हणायच्या, "बाबा पेऊन आला का कोन कुठं बसते, ठेव पाहू." लेकरू एकेक चिंचोका ठेवत जायचं. आई चुलीपाशी, आजी दारात, धाकटी खाटेखाली. तोंडानं एक शब्द न बोलणारी पोरं चिंचोक्यांनी सगळं सांगून टाकायची.

इतकी रागीट बाई मी दुसरी पाहिली नाही. फक्त लेकरांवर कधी चिडल्या नाहीत. बाकी कोणाची गय नव्हती. कोणी कौतुकानं म्हणालं, "आमचा पोट्टा मोठा शाना हाय, बाप कितीबी दंगा करो, चूप बसते," की बाई उसळायच्या. "शाना नाई थो. भेलेला आहे! लेकराचं भेव पाहून खुश होता तुमी?" नवऱ्याची बाजू घेणाऱ्या सासवांना त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे. "बाप झिंगते एक घंटा, घर झिंगते दिवसभर." मला त्या एरवी 'भाऊ' म्हणायच्या. 'कंपाउंडर' म्हणाल्या की समजायचं, आता आपली खैर नाही.

हरिदास आसगावचा सुतार. त्यानं केलेलं बैलगाडीचं चाक लोक दुरून ओळखायचे असं त्याचं कसब, आणि मोहाच्या दारूपायी त्या हातांना इतका कंप की सकाळी चहाची बशी धरवत नसे. त्याची बायको सुगंधा त्याला घेऊन आली, सोबत दहा वर्षांची लीला. बाई तीन-चार बुधवार माय-लेकींशीच बोलत राहिल्या. हरिदासशी बोलणं झालं ते थोडंच. मला हे सगळं फार सावकाश वाटायचं. नुसतं बोलून का कुठं दारू सुटते, असं मी मनात म्हणायचो.

त्याच सुमारास बाई टायफॉइडनं आजारी पडल्या आणि महिनाभर नागपुरातच अंथरुणाला खिळल्या. माझ्या अंगात शहाणपण संचारलं. आमच्या मुलखात दारू सोडवायचा एक उपाय सगळ्यांना ठाऊक होता. पाच मोठी माणसं बसवायची, पिणाऱ्याचा हात त्याच्याच लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं, 'पेलो तं हे लेकरू मरन.' मी एका रविवारी सायकल काढून आसगावला गेलो, मारुतीच्या देवळात पाच जाणती माणसं गोळा केली आणि हा कार्यक्रम यथासांग पार पाडला. नारळ फोडला. हरिदास रडला, सुगंधा रडली, मलाही भरून आलं. लीला मांडी घालून बसली होती. बापाचा थरथरता हात डोक्यावर आला तसे तिनं डोळे गच्च मिटून घेतले. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, किती गुणी पोरगी.

हरिदास तीन आठवडे प्यायला नाही. बाई परत आल्या की त्यांच्यापुढं शेखी मिरवायची असं मी ठरवून टाकलं होतं. मग दिवाळी झाली, गावात मंडईची जत्रा भरली, दंडारीचं नाटक पाहायला पाहुणे आले आणि हरिदास भर बाजारात झोकांड्या खात आला. सुगंधानं तिथंच हंबरडा फोडला, "लेकीचा जीव घेतला रे यानं!" हे लीलानं ऐकलं. आठवड्यानं तिला दवाखान्यात आणलं तेव्हा पोरीच्या गालांची हाडं वर आली होती. जेवत नाही, बोलत नाही. मी काय केलं? जंताचं औषध दिलं आणि टॉनिकची बाटली दिली. माझ्या अकलेची धाव तिथवरच.

पुढच्या बुधवारी बाई आल्या. अजून अशक्त होत्या, भिंतीला टेकून बसल्या. लीलाचं घर फरशीवर काढलं. लीलानं आईला चुलीपाशी ठेवलं, आजीला दारात, धाकट्या भावाला धानाच्या ढोलीमागं. एक चिंचोका तिच्या मुठीतच राहिला.

"हा कोनाचा?"

"माहा."

"मंग ठेव ना."

"मी नाई राहत."

"कुठं जाते तू?"

"मरतो." पोरगी अगदी साधं सांगत होती. "बाबानं माया डोक्यावर हात ठेवला होता. आता थो पेला. कोन्या दिवशी मरतो थे मालूम नाई."

"अन् जेवत काहून नाई?"

"मरनारच हाव तं जेवून काय करू? माया वाट्याचं भाऊले होते."

बाईंनी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. मी दारात टॉनिकची दुसरी बाटली घेऊन उभा होतो.

लीलाला आईबरोबर व्हरांड्यात पाठवून बाईंनी दार लावलं. "कंपाउंडर," त्या म्हणाल्या, "तुमी त्या पोरीले जामीन ठेवलं. पेनार थो, अन् मरनार थे! असा कोनता इलाज आहे हा?"

मी चाचरत म्हणालो, "बाई, आपल्या इकडं असंच करतेत. चांगल्यासाठीच केलं मी."

"आपल्या इकडं? मले सांगता? तुमसरची आहो मी. माया बाप राइस मिलमध्ये पोते उचले. चारदा शपथ घेतली त्यानं, चारई खेपा माया डोक्यावर, काहून का मोठी मी. शाळेतून आली का आधी त्याचं तोंड हुंगो मी. त्याच्यासाठी नाई. मी जगतो का नाई, थे पाहाले." श्वास लागला म्हणून त्या थांबल्या. "अन् तुमी शिकलेले! मंडईत पेनाऱ्यापेक्षा मले तुमचा राग येऊन राहिला."

मी म्हणालो, तिला समजावून सांगू, असं कोणी मरत नसतं. बाई म्हणाल्या, "सांगा. देवळात पाच बुढ्या मानसाईसमोर झालं थे. तुमचं एकट्याचं काहून आयकन? जिथं बांधलं तिथंच सोडा लागते." त्या दिवशी त्यांनी परतीची एस.टी. सोडली आणि आम्ही आसगावला गेलो.

तेच देऊळ, तीच पाच माणसं. शपथ सोडवायची आहे म्हटल्यावर त्यांच्यातले सगळ्यांत वडील होते ते भडकले. "बाई, भेव काढलं तं हा अजून पेईन. तुमी दारूची मोकळीक देऊन राहिल्या का?"

बाई चक्क ओरडल्या. "भेव कोनाले आहे? त्याले आहे? थो पाहा, बिडी पेऊन राहिला! भेव या पोरीले आहे. धा वर्साच्या पोरीच्या भेवावर तुमी गावची दारू बंद करता? मोठे मानसं म्हनवता ना? लाज वाटू द्या जराशी!"

तिघं उठून गेले. जाताना एकानं बाईंच्या जातीवरून काहीतरी पुटपुटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर मूग गिळलेला मी त्या दिवशी उभा राहिलो. उरलेल्या दोघांसमोर मी लीलाला म्हणालो, "पोरी, हे शपथ मी घ्याले लावली. मी चुकलो. सुटली." लीलानं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे पाहत होती.

हरिदास उठेना. मान खाली घालून म्हणाला, "मी पेतोच ना बाई. मी कोन्या तोंडानं म्हनू?"

"ज्या तोंडानं पेते, त्याच तोंडानं म्हन," बाई म्हणाल्या.

तो आला, लेकीपुढं बसला आणि हात कुठं ठेवावा हे न कळून त्यानं तो स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. "सुटली माय. मी पेलो तं माया जीव जाईन. तुया नाई जात." लीलानं बाईंना विचारलं, "खरंच?" बाई म्हणाल्या, "खरंच."

त्यानं लगेच सगळं निवळलं नाही. बाईंनी पुढं चार महिने दर बुधवारी हरिदासला यायला लावलं. पिऊन आला तरी चालेल, पण यायचंच. आला की लीलासमोर बसून तेच वाक्य म्हणायचं, मी पेलो तं माया जीव जाईन, लीलाचा नाई. कधी त्याची जीभ अडखळायची तर बाई पुन्हा म्हणायला लावायच्या. लीला आधी अर्धी भाकर खायला लागली, मग सगळी, आणि उन्हाळा लागता लागता एकदा भावाशी आंब्याच्या फोडीवरून भांडली. ते भांडण ऐकून बाई किती हसल्या!

त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना व्यसनमुक्तीचा मेळावा भरवायची हुक्की आली. शंभर बाप मंडपात बसवायचे, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक लेकरू आणि सगळ्यांनी एकदम शपथ घ्यायची, अशी त्यांची कल्पना. बाईंनी बैठकीत सरळ सांगितलं, "हा मेळावा नाही, हा लेकरांचा छळ आहे. मी होऊ देणार नाही." मेळावा झाला, हारतुरे झाले आणि बाईंचे बुधवार बंद झाले. जागा नाही, असं कारण कागदावर आलं. ज्या खोलीत बाई बसायच्या, तिथं अध्यक्षांचा मेळाव्यातला, गळ्यात हार असलेला फोटो टांगला गेला. मी नोकरी सोडली नाही. लेकरंबाळं होती, घर होतं, सगळी कारणं होती. त्या फोटोखालून मी रोज औषधं वाटली आणि रोज जळलो.

सात वर्षांनी हरिदास गेला. पोट टम्म फुगलं होतं, डोळे हळदीसारखे. मी आसगावला गेलो तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. एक म्हणाली, "शपथ का कोनी सोडल्यानं सुटते? पोरीवरचं होतं, थे बापावर आलं." लीला तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी. ती आतून आली आणि म्हणाली, "नाई काकू. बाबा दारूनं मेला." आवाज चढवला नाही की रडली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम नागपूरला जाऊन बाईंना भेटलो. केस पांढरे झाले होते, बाकी राग तसाच होता. अध्यक्षांची चौकशी त्यांनी एका शिवीत उरकली. मग मी हरिदासचं सांगितलं, अंगणातलं सांगितलं, लीला काय म्हणाली तेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी जेवली का लीला?"

"जेवली," मी म्हणालो. "शेजारून वरणभात आला होता. आधी भावाले वाढलं, मंग सोता बसली. दोनदा भात घेतला. बाया बोलल्या तिले, बाप गेला अन् पोट्टीले भूक लागते म्हनून."

"बोलू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पदरात तोंड घालून त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.