सात नंबरची सडक आणि धोंडिबाच्या मेंढ्या

काल सकाळी ओसरीवर बसलो होतो. नातीनं फोनवर परभणी जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांचा नकाशा उघडून दिला आणि मी आपला त्यात सात नंबर शोधत राहिलो... सापडणार कसा? त्या रस्त्याचा नंबर सरकारनं काढून घेतला, त्याला साठाच्या वर वर्षं झाली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. गंगाखेडच्या अलीकडं लिंबवाडीत हंगामी मास्तर होतो. एक खोली, चार वर्ग, आणि डोक्यात पाठ्यपुस्तकातल्या झाडून सगळ्या कविता. सात नंबर शाळेच्या भिंतीला घासून जायचा. गंगाखेडला जाणारी सकाळची प्रवासी मोटार नेमकी कवितेच्या तासाला यायची... मुलं धूळ खाली बसेपर्यंत थांबायची आणि मग पुढचं कडवं धरायची.

आपला मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी रस्त्याची आखणी बदलली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकं गिळायची, म्हणून नवी सडक पाऊण मैल लांबून, माळावरून नेली. एक दिवस दोन माणसं आली, मैलाच्या दगडावरचा सातचा आकडा डांबरानं पुसला आणि निघून गेली. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मोटार माळावरून परस्पर जायला लागली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते गंगूचं. धोंडिबा मेंढपाळाची ही लेक, त्यांच्या वस्तीतून चौथी पास झालेली पहिली. जूनमध्ये तिला मोटारीनं गंगाखेडला पाचवीला धाडायचं, हे मीच धोंडिबाच्या गळी उतरवलं होतं. आता तिची आई म्हणाली, "मोटार दारात यायची तवर ठीक व्हतं. माळावर लांडगे हायत, गुर्जी. एकल्या लेकीला न्हाई धाडायची मी."

तिचं खरंच होतं.

मी अर्ज लिहिला. चांगला चार पानी... त्यात पहाट होती, पाखरं होती, ज्ञानाची वाट होती. नव्या सडकेवरचे ओव्हरसियर तो वाचून हसायलाच लागले. "मास्तर, हा अर्ज आहे का कविता?" मग म्हणाले, रोलर मिळणार नाही. पण गावापासून नव्या सडकेपर्यंतचा तुकडा तुम्ही मुरूम टाकून पक्का करा. त्यानं मोटारीचं वजन पेललं, तर गाडी आत वळवायची शिफारस मी करतो. शाळा उघडायच्या आत बघायला येईन.

गावानं बैलगाड्या जुंपल्या. तीन आठवड्यांत मुरूम पडला, पाणी मारलं... पण दाबायचा कसा? मला एक नामी कल्पना सुचली. सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं आणि कवितेच्या ठेक्यावर पाय आपटायला लावले. ओढ्याजवळची पन्नास पावलं झाली आणि मुलं दमली.

धोंडिबा काठी टेकून बघत होता. "गुर्जी, ह्या चिमण्यांनी सडक दबती व्हय? मेंढ्या बसवल्या की रान दगड झालं, म्हनून जल्मभर शिव्या खाल्ल्यात म्या. आता तेच काम करू की."

खतासाठी शेतात मेंढ्या बसवायची आमच्याकडं रीतच आहे. पेरणीआधी तर त्या सगळ्यांनाच हव्या असतात. पाटील भडकले. "आमची वावरं सोडून सडकंवर मेंढ्या घालायलास? येड लागलंय का तुला?"

"पाच दिस थांबा, पाटील," धोंडिबा म्हणाला. "वावर तुमचं कुटं पळून चाललंय!"

तीनशे मेंढ्या... पाच दिवस नुसत्या वर-खाली, वर-खाली. मुरूम ओला असेतोवर तुडवायचा, वाळला की परत पाणी मारायचं. बारकाले खूर, पण सगळा भार टोकावर. मी मात्र हट्ट धरला की मुलांनी दाबलेली पन्नास पावलं तशीच राहू द्या, ती त्यांच्या कष्टाची जागा आहे. धोंडिबानं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि कळप तेवढ्यापुरता बाजूनं नेला.

सडकेच्या परीक्षेचा दिवस आला. सगळं गाव दुतर्फा उभं. माळावरून मोटार आत वळली आणि कुणी ताठ मानेनं चालत यावं तशी पुढं आली. मी टाळी वाजवायला हात उचलले... आणि मागचं चाक खचलं. कुठं? माझ्या त्या पन्नास पावलांत!

गंगू शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, चाकाकडंच बघत राहिली. ओव्हरसियर उतरले, पहारीनं इथं टोचलं, तिथं टोचलं. "बाकी सगळं दगडासारखं आहे. मग एवढंच मऊ कसं?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. सगळ्या गावादेखत. ओव्हरसियर असे काही हसले की ड्रायव्हरलाही हसू आवरेना. धोंडिबा तेवढा हसला नाही. "दोन दिस द्या, सायेब," एवढंच म्हणाला. मग माझ्या कानाशी येऊन, "गुर्जी, तुमी कविता शिकवा. सडक मेंढ्यांवर सोडा."

दोन दिवस कळप त्या पन्नास पावलांवरून फिरला आणि शाळा उघडली त्या सोमवारी मोटार गावात आली. गंगू घोंगडीच्या तुकड्याचं दप्तर मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. धोंडिबा खिडकीच्या गजाला हात लावून मोटारीबरोबर चार पावलं चालला. सातवीपर्यंत ती त्याच गाडीनं गेली.

पुढं मी जवळजवळ चाळीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या बोलण्यानं किती मुलं घडली, देव जाणे... पण गंगू त्या मोटारीत बसू शकली, ती मी दोन दिवस तोंड मिटून बाजूला उभा राहिलो म्हणून. धोंडिबा, तुझे उपकार आहेत रे बाबा...