भाडेवाढ मागणारी प्रवासी

रघुनाथ दारात उभा होता आणि आत येत नव्हता. विमलताईंचा हा धाकटा भाऊ एरवी चप्पल काढता काढताच चहा मागायचा. त्या सकाळी मात्र उंबऱ्याशीच थांबला. "माधुरीताई, ताई गेली," म्हणाला. "सकाळी उठली, दूध तापवायला ठेवलं आन्..." पुढचं त्याला बोलवेना. दूध उतू गेलं असेल, असा काहीतरी वेडगळ विचार माझ्या मनात आला. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझं मन अजून एका जागी ठरत नाही. हातातलं काम टाकून दुसरं घ्यावंसं वाटतं, मग तेही टाकावंसं वाटतं. ताई जाताना आपली तगमग मला देऊन गेल्या की काय, कोण जाणे.

विमलताई सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. माहेर घोटीकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दवाखान्यात नर्स होत्या, पाळ्या सांभाळायच्या, त्यामुळे रिक्षाशिवाय गत्यंतर नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्या नाशकात रिक्षाला मीटर असायचा तो शोभेपुरता. चालक आधी तुमचं तोंड बघणार, मग हातातली पिशवी बघणार आणि आकडा सांगणार. आपण थोडी घासाघीस करून बसायचं. ताई आधी बसायच्या आणि मग म्हणायच्या, "मीटर टाका."

"मीटर बंद हाय बाई."

"मग रिक्षाही बंद ठेवा. मी बसलेय."

आणि खरंच बसून राहायच्या, पायानं ठेका धरून. शेजारी बसलेली मी संकोचानं अर्धी व्हायचे. यातूनच आमचं प्रवासी मंडळ उभं राहिलं. कॉलनीतले शिक्षक, पेन्शनर, नोकरदार बायका आणि सगळ्यांच्या पुढे ताई. निवेदन घेऊन परिवहन कार्यालयात गेलं की साहेब म्हणायचे, "बसा ना." ताई उभ्यानंच बोलायच्या.

गंमत अशी, की रघुनाथ स्वतः रिक्षा चालवायचा, नाशिकरोड स्टेशनच्या स्टँडवर. एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता त्याची बायको संगीता म्हणाली, "ताई, तुम्ही गावभर मीटर मीटर करता. मीटरवर आमचं घर चालत नाय, हे आपल्या भावाला कधी विचारलं का?" ताईंचा घास हातातच राहिला. पुढच्या सुट्टीला त्या सकाळीच रघुनाथच्या रिक्षात त्याच्या बाजूला अंग चोरून बसल्या आणि दिवसभर त्याच्याबरोबर फिरल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा धुळीनं माखला होता आणि घरात येरझाऱ्या सुरू होत्या.

"अगं माधुरी, पेट्रोल किती वेळा वाढलं, आणि सरकारनं ठरवलेलं भाडं आहे तिथंच आहे. ते वाढवायचं तर आधी यांनी अर्ज करायचे, मग संप करायचा, मग बैठक, मग आदेश. तोवर पेट्रोल पुन्हा वाढलेलं असतं. बरं, भाडं वाढलं तरी मीटर जुनाच आकडा दाखवतो. रिक्षावाल्यानं छापील दरपत्रक काढून जास्त मागायचं आणि बसणाऱ्याला वाटायचं, हा फसवतोय... कोण टाकेल गं मीटर?"

पुढच्याच महिन्यात जिल्हाधिकारी कचेरीत भाड्यासंबंधी बैठक होती. मधे अधिकारी, एका बाजूला रिक्षा संघटना, दुसऱ्या बाजूला आम्ही. भाडेवाढीला कडक विरोध करायचा, असं मंडळात ठरलेलं होतं. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "भाडं वाढवा." आमच्या बाजूचे एकमेकांकडे पाहायला लागले. "पेट्रोल वाढलं तर दरवर्षी ठरल्या महिन्यात वाढवा, उतरलं तर कमी करा. संपाची वाट कशाला बघता?" समोरून टाळ्या सुरू झाल्या. ताईंचं बोलणं संपलं नव्हतं. "मीटर नव्या दराला लावून द्या. आणि त्यानंतर जो मीटर टाकणार नाही, त्याचा परवाना अडवा." टाळ्या वाजता वाजता थांबल्या.

आमच्या बाजूचे एक निवृत्त गृहस्थ तावातावानं उठले. "बाईंचा सख्खा भाऊ रिक्षावाला आहे, हे साहेबांना माहीत असू द्या."

"आहे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर मला कळलं."

त्यानंतरच्या सभेत मंडळानं त्यांना काढून टाकलं. आम्ही दोघीतिघी भांडलो, पण उपयोग झाला नाही. ताईंनी पर्स उचलली आणि निरोप न घेता निघून गेल्या.

पुढे कचेरीत बरेच खेटे घातल्यावर भाडं वाढलं, मीटरही नव्या दराला लागले. काही आठवडे शहरात मीटर पडत होते. मग एकेकानं पुन्हा आकडा सांगायला सुरुवात केली. रघुनाथ मात्र मीटरच टाकत राहिला. स्टँडवरचे आधी त्याची चेष्टा करायचे, मग त्याला रांगेत रिक्षा लावू देईनात. एका दुपारी त्याच्या रिक्षाचं हूड कुणीतरी ब्लेडनं फाडलं. ताईंनी जाड सुई-दोरा घेतला आणि रस्त्यावर उभं राहून ते शिवलं. "टाके घालायचा हात आहे माझा," म्हणत होत्या. हूड पुन्हा फाटलं. अखेर रघुनाथनं रिक्षा विकली आणि अंबडच्या एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

रिक्षा गेली त्या दिवशी मी ताईंकडेच होते. ताई म्हणाल्या, "माझ्यापायी तुझा धंदा गेला रे."

रघुनाथ म्हणाला, "तुझ्यापायी कशाला? मीटर मी टाकत होतो ना. हात माझा व्हता."

ताईंना ते पटलं नाही, आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. निवृत्त झाल्यावरसुद्धा भाड्याची बैठक आहे असं कानावर आलं, की बोलावणं नसताना जायच्या, मागे भिंतीशी उभ्या राहायच्या आणि संधी मिळाली की तेच सांगायच्या... दरवर्षी बघा, संपाची वाट बघू नका. काही नवे साहेब ऐकून घ्यायचे. बरेच जण घड्याळाकडे पाहायचे. नाशकातल्या रिक्षांचं भाडं आजही बहुतेक तोंडीच ठरतं.

परवा रविवारी रघुनाथ आणि मी त्यांचं घर आवरायला गेलो. दाराजवळच्या तिवईवर त्यांचा जुना फोन आहे. बसून बोलणं त्यांना जमायचं नाही, म्हणून त्यांनी त्याला भलीमोठी लांब वायर जोडून घेतली होती. ती वायर खुर्च्यांच्या पायांमधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या गॅलरीत गेली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीला कमरेच्या उंचीवर एका जागी रंग पार उडालाय, वायर घासून घासून. रघुनाथ ती कोपरावर गुंडाळायला लागला. बराच वेळ गुंडाळत राहिला, मग थांबला.

"एवढी चालायची का वो ताई?"

त्यानं वेटोळं सोडलं आणि वायर होती तशी जमिनीवर पसरू दिली. निघताना आम्ही दोघांनी ती जपून ओलांडली, पाय लागू न देता.